आधी मळ ओळखावा, मग उपाय निवडावा : शेतकरी कुटुंबासाठी कमी खर्चाचे घरगुती स्वच्छक

ग्रामीण कुटुंबाच्या मासिक किराण्यात स्वच्छतेच्या वस्तूंचा वाटा गेल्या काही दशकांत सतत वाढत गेला आहे. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीसाठी सुगंधी द्रव, काचेसाठी वेगळा फवारा, संडासासाठी वेगळी बाटली, असे एकेका कामासाठी एकेक उत्पादन घरात येते. याची दुसरी बाजू अशी की, व्हिनेगर, सोडा आणि लिंबू यांच्या मिश्रणाने सर्व काही स्वच्छ होते, असे सांगणाऱ्या कृतीही मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या आहेत. त्यांतील काही उपयुक्त आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि मोजक्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत. प्रत्येक पदार्थ कोणत्या मळावर आणि का काम करतो, एवढे समजले की चार-पाच साध्या पदार्थांत घरातील व गोठ्यातील बहुतेक कामे भागतात. घरगुती पदार्थ कोठे अपुरे पडतात, हेही त्याच ज्ञानातून कळते. दूध, फवारणी आणि जनावरे यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या कुटुंबाला ही दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे.

परंपरेतील रसायन

साबणाची वडी खेडोपाडी पोहोचण्यापूर्वीही भारतात धुणे होतच होते, आणि प्रत्येक प्रदेशाने आपल्या मातीतून व झाडांतून त्यासाठी साधन शोधले होते. गंगेच्या मैदानातील ऊसर जमिनींवर उन्हाळ्यात वर येणारी ‘रेह’ ही पांढरी माती धोबी कपडे धुण्यासाठी वापरत. तिच्यातील मुख्य उपयुक्त घटक सोडियम कार्बोनेट, म्हणजेच आजचा धुण्याचा सोडा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणीही याच कारणाने अल्कधर्मी आहे. काच व साबण यांसाठीचा कच्चा माल येथे मिळत असल्याची नोंद आईन-ए-अकबरीत आहे. आसामात केळीच्या सालींची राख पाण्यात भिजवून गाळलेला ‘खार’ स्वयंपाकात तसाच धुण्यासाठीही वापरला जातो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट असते. कोकणात सोलकढीसाठी पिळून घेतलेली आमसुले टाकून न देता त्यांनी तांब्या-पितळेची भांडी घासली जातात. देशावर हेच काम चिंच करते.

या सर्व पद्धतींमागे मोजकीच तत्त्वे आहेत. रेह, खार आणि राख हे अल्क आहेत. चिंच, आमसूल आणि लिंबू ही आम्ले आहेत. रिठा आणि शिकेकाई हे नैसर्गिक फेसकारक आहेत. आजच्या बाजारी उत्पादनांतही याच गटांतील रसायने अधिक तीव्र वा अधिक शुद्ध स्वरूपात असतात.

मळाचे चार प्रकार

स्वच्छक निवडण्यापूर्वी मळ कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे.

१. तेलकट मळ : फोडणीचे तेल, तूप, लोणी, घाम, शेगडीवरील चिकट थर. यासाठी गरम पाणी आणि अल्क किंवा फेसकारक लागतो.

२. खनिज मळ : बोअरच्या जड पाण्याने नळावर, बादलीवर व पाणी तापवण्याच्या भांड्यात बसणारा पांढरा थर, तसेच दुधाच्या भांड्यातील पिवळट खरखरीत थर. यासाठी आम्ल लागते.

३. प्रथिनांचा मळ : दूध, रक्त, अंडे. प्रथम थंड किंवा कोमट पाणी आणि नंतर अल्क, हा क्रम येथे पाळावा लागतो. सुरुवातीलाच उकळते पाणी ओतल्यास प्रथिने गोठून पृष्ठभागाला घट्ट चिकटतात.

४. धातूवरील काळवंडणे : तांब्या-पितळेवरील ऑक्साइडचा थर. तो आम्लात विरघळतो.

ठिबक सिंचनाच्या नळ्यांतील क्षार काढण्यासाठी आम्लप्रक्रिया करणाऱ्या शेतकऱ्याला यातील दुसरे तत्त्व परिचयाचे आहे. नळीत बसणारा थर आणि चहाच्या किटलीत बसणारा थर बहुतांशी एकाच प्रकारचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो.

रिठा : झाडावरचा साबण

रिठ्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’ हे ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरूनच आलेले आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांत ‘सॅपिंडस मुकोरोसी’ आणि दख्खनसह दक्षिण भारतात ‘सॅपिंडस ट्रायफोलिएटस’ ही जात आढळते. फळाच्या सालीतील सॅपोनिन हा घटक पाण्याशी आणि तेलाशी एकाच वेळी संबंध जोडतो. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब होऊन ते पाण्याबरोबर वाहून जातात.

साबणापेक्षा रिठ्याचे दोन फायदे आहेत. जड पाण्यातील कॅल्शियमबरोबर साबणाचा चिकट साका तयार होतो, तसा रिठ्याचा होत नाही. शिवाय रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने लोकर व रेशीम यांना ते मानवते. पैठणी किंवा पश्मिना यांसारखी वस्त्रे रिठ्याच्या पाण्यात धुण्याची प्रथा या गुणावरच टिकून आहे.

कृती : बिया काढलेली १०० ग्रॅम रिठ्याची साल १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी मंद आचेवर १५ ते २० मिनिटे उकळून थंड होऊ द्यावी, हाताने चोळून फडक्याने गाळावी. बादलीभर कपड्यांसाठी १०० ते १५० मिली अर्क पुरतो. भांड्यांसाठी तो तसाच घासणीवर घ्यावा. हा अर्क दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून थोडाच करावा. साठवण करायचीच असल्यास वाळलेल्या सालीची भुकटी कोरड्या डब्यात ठेवावी.

मर्यादा : रिठ्याची शक्ती सौम्य आहे. करपलेले तेल, ग्रीस किंवा कीटकनाशकाने भिजलेले कपडे यांसाठी ती पुरेशी नाही. डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. सॅपोनिन माशांना विषारी असल्याने रिठ्याचे पाणी शेततळ्यात वा मत्स्यतळ्यात जाऊ देऊ नये.

धुण्याचा सोडा : सर्वांत स्वस्त, पण जपून

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत अनेकदा गल्लत होते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.३ असतो. तो हलके घासण्यासाठी आणि वास कमी करण्यासाठी ठीक आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या १ टक्का द्रावणाचा सामू ११ च्या आसपास असतो आणि तेलकट मळावर तोच खरा प्रभावी ठरतो. गरम पाण्यात त्याची शक्ती आणखी वाढते. जड पाण्यातील कॅल्शियम तो बाजूला काढतो, त्यामुळे त्याच्यासोबत वापरलेला साबणही कमी लागतो.

प्रमाण : १ लिटर गरम पाण्यात १० ग्रॅम भुकटी सोडा. या हिशेबाने १ किलो सोड्यापासून १०० लिटर द्रावण होते. बाजारातील तयार द्रवाच्या एका बाटलीच्या किमतीशी तुलना करताना हा आकडा समोर ठेवावा. सोडा खड्यांच्या स्वरूपात असल्यास त्याच्या वजनातील जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पाणी असते, म्हणून खडे सुमारे अडीचपट घ्यावेत.

उपयोग : शेगडी, तेलाचे डबे, चिकट झालेली स्वयंपाकघरातील भिंत, मोरीची जाळी, कपड्यांच्या कॉलरवरील मळ. शेगडीवरील जुन्या थरावर सोड्याची घट्ट पेस्ट अर्धा तास ठेवून मग घासावी.

काळजी : हातमोजे घालावेत. लोकर व रेशीम यांवर सोडा वापरू नये. ॲल्युमिनियमची, म्हणजे बोलीतील ‘जर्मन’ची भांडी सोड्याने काळी पडतात व झिजतात. ॲल्युमिनियमच्या दुधाच्या कॅनला ही गोष्ट विशेषत्वाने लागू आहे.

आम्ले : क्षारांच्या थरावर आणि तांब्या-पितळेवर

लिंबाचा रस, व्हिनेगर, चिंच आणि किराणा दुकानात भुकटी स्वरूपात मिळणारे सायट्रिक आम्ल हे सर्व या गटातील पदार्थ आहेत. घरगुती व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते. खर्चाचा आणि टिकाऊपणाचा विचार करता सायट्रिक आम्लाची भुकटी सर्वांत सोयीची असते. तिला उग्र वास नसतो आणि कोरडी ठेवल्यास ती दीर्घकाळ टिकते.

पाणी तापवण्याच्या स्टीलच्या भांड्यातील थर काढण्यासाठी १ लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून पाणी गरम करावे, अर्धा तास ठेवावे आणि दोनदा स्वच्छ धुवावे. नळाच्या तोंडावरील थरासाठी याच द्रावणात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. तांब्या-पितळेसाठी चिंच आणि थोडे मीठ पुरेसे आहे. मात्र घासून झाल्यावर भांडे लगेच धुवून कोरडे करावे, अन्यथा हिरवट डाग उमटतात.

या ठिकाणी एक चूक वारंवार होताना दिसते. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे फरशीचे प्रकार मुळात चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही त्याच कुळातला. आम्ल जसे किटलीतील चुन्याचा थर विरघळवते, तसेच ते या दगडाचा पृष्ठभागही खाते. कडप्प्याच्या ओट्यावर कापलेले लिंबू पडून राहिल्यास जो निस्तेज डाग पडतो, तो मळाचा नसून झिजेचा असतो व घासून जात नाही. म्हणून अशा फरशीवर किंवा ओट्यावर लिंबू, व्हिनेगर वा कोणतेही आंबट द्रावण वापरू नये. तेथे रिठ्याचे किंवा सौम्य साबणाचे पाणी योग्य ठरते.

फळांच्या सालींचे ‘बायो-एन्झाइम’

थायलंडमध्ये उगम पावलेली ही पद्धत आता भारतातही मोठ्या प्रमाणावर पसरली आहे. संत्रा, मोसंबी व लिंबू उत्पादक पट्ट्यांत साली विपुल उपलब्ध असल्याने महिला बचत गटांनाही तिचे आकर्षण आहे. प्रचलित प्रमाण १ भाग गूळ, ३ भाग साली आणि १० भाग पाणी असे आहे. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली व १ लिटर पाणी. हे मिश्रण २ लिटरच्या प्लास्टिक बाटलीत भरून वर मोकळी जागा ठेवावी. पहिला महिना झाकण दररोज थोडे सैल करून वायू बाहेर जाऊ द्यावा, पुढे काही दिवसांच्या अंतराने. काचेची बाटली वापरू नये, वायूच्या दाबाने ती फुटते. ९० दिवसांनी द्रावण गाळून घ्यावे. फरशी पुसण्यासाठी १ लिटर पाण्यात सुमारे ५० मिली पुरते.

या द्रावणाविषयी अतिशयोक्त दावे ऐकू येतात, त्यामुळे वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. किण्वनातून प्रामुख्याने ॲसिटिक व लॅक्टिक ही आम्ले तयार होतात आणि द्रावण आंबट होते. स्वच्छतेचे बरेचसे काम ही आम्लेच करतात. सालींतील तैलांश, मुख्यतः लिमोनीन, सुगंध देतो व चिकटपणा कमी करण्यास थोडी मदत करतो. म्हणजे हा सालींपासून घरी केलेला एक प्रकारचा सुगंधी सौम्य शिरकाच होय. कचऱ्याचा सदुपयोग आणि फरशी, बेसिन, टाइल्स यांची सफाई या मर्यादेत तो उत्तम आहे. गोठ्यातील रोगजंतू मारण्यासाठी त्यावर विसंबू नये. तो आम्लधर्मी असल्याने शहाबादी फरशीसाठी वर सांगितलेला नियम त्यालाही लागू होतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र का करू नयेत

सोडा व व्हिनेगर एकत्र केल्यावर येणारा फेस पाहून मिश्रण फार प्रभावी असावे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेटचे जवळजवळ निरुपयोगी पाणी उरते. दोन्ही पदार्थ वाया जातात. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावल्यास वायूच्या दाबाने बाटली फुटण्याचाही धोका असतो. दोन्हींची गरज असल्यास प्रथम सोड्याने तेलकटपणा काढावा, पाण्याने धुवावे आणि नंतर आम्लाने क्षारांचा थर काढावा.

धुणे वेगळे, निर्जंतुक करणे वेगळे

मळ काढून टाकणे म्हणजे धुणे. त्यात जंतूंची संख्या पुष्कळ कमी होते, कारण ते मळाबरोबर वाहून जातात. उरलेले जंतू मारणे ही स्वतंत्र क्रिया आहे. वर सांगितलेल्या पदार्थांपैकी कोणताही नेहमीच्या प्रमाणात भरवशाचा जंतुनाशक नाही. घरातील नेहमीच्या सफाईसाठी धुणे व उन्हात वाळवणे एवढे पुरते. दुधाची भांडी, आजारी जनावराची जागा, वासरांचा गोठा किंवा घरात हगवणीचा रुग्ण असल्यास मात्र क्लोरीन किंवा उकळते पाणी यांना घरगुती पर्याय नाही.

ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना सुमारे ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. उष्णता, प्रकाश व दमटपणा यांमुळे तो झपाट्याने कमी होतो. म्हणून लहान पाकीट घ्यावे, घट्ट बंद ठेवावे आणि द्रावण रोज ताजे करावे. प्रमाणे पुढीलप्रमाणे :

• धुतलेल्या दुधाच्या भांड्यांसाठी, दशलक्ष भागांत २०० भाग क्लोरीन : १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, किंवा १ लिटर पाण्यात ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट ४ मिली.

• धुतलेल्या फरशीसाठी व गोठ्याच्या जमिनीसाठी, ०.१ टक्के क्लोरीन : १० लिटर पाण्यात ३५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, किंवा ५ टक्के हायपोक्लोराइट १ भाग व पाणी ४९ भाग. दहा मिनिटे ओले राहू द्यावे.

पावडर पाण्यात ढवळून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी वापरावे. शेण, दूध किंवा माती शिल्लक असल्यास क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो, म्हणून आधी धुणे अनिवार्य आहे.

क्लोरीनयुक्त पदार्थ कोणत्याही आम्लाबरोबर, म्हणजे लिंबू, व्हिनेगर, बायो-एन्झाइम किंवा संडास साफ करण्याच्या ॲसिडबरोबर आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाबरोबर आल्यास क्लोरामाइन हे घातक वायू तयार होतात. बंद मोरीत यामुळे श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. गोठ्यातील मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार होत असतो. त्यामुळे मूत्राने भिजलेल्या जमिनीवर थेट ब्लीचिंग पावडर टाकण्याची सवय सोडावी. जमीन भरपूर पाण्याने धुवून, निचरा होऊ देऊन, जनावरे बाहेर बांधून मगच क्लोरीनचे पाणी टाकावे आणि जमीन वाळेपर्यंत जनावरे आत आणू नयेत.

दुधाची भांडी : क्रम महत्त्वाचा

दूध संकलन केंद्रावर दूध नासके ठरल्यास त्या वेळेचे संपूर्ण उत्पन्न जाते. याचे कारण अनेकदा अर्धवट धुतलेल्या कॅनमध्ये असते. स्टीलच्या भांड्यांसाठी पुढील क्रम पाळावा.

१. कॅन रिकामी होताच थंड वा कोमट पाण्याने विसळावी. दूध वाळू देऊ नये.

२. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात १ टक्का धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून ब्रशने घासावी. झाकणाची कड आणि रबरी कडे विसरू नये.

३. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावी.

४. आठवड्यातून एकदा १ लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम सायट्रिक आम्लाचे द्रावण १० ते १५ मिनिटे ठेवून खनिजांचा थर काढावा आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवावी. आम्लाचा अंश राहिलेल्या कॅनमध्ये क्लोरीनचे पाणी घालू नये.

५. कॅन उपडी करून, जमिनीला टेकणार नाही अशा मांडणीवर उन्हात पूर्ण वाळवावी.

६. दूध काढण्यापूर्वी २०० भाग क्लोरीनच्या पाण्याने दोन मिनिटे किंवा उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून निथळू द्यावी.

ॲल्युमिनियमच्या कॅनसाठी सोड्याऐवजी दुग्धव्यवसायासाठी मिळणारा योग्य डिटर्जंट वापरावा. राखेने वा मातीने घासणे टाळावे. त्यामुळे पडणाऱ्या सूक्ष्म ओरखड्यांत स्निग्धांश व जंतू अडकून राहतात, आणि मातीतील जंतूंचे बीजाणूही दुधात उतरू शकतात. रिठ्याची चव कडवट असल्याने तोही दुधाच्या भांड्यांना योग्य नाही.

फवारणी पंप व फवारणीचे कपडे

तणनाशक फवारलेला पंप नुसत्या पाण्याने धुऊन पिकावर वापरल्यास नुकसान होते. टू-फोर-डी या तणनाशकाला कापूस अत्यंत संवेदनशील आहे. पंपात राहिलेला अल्प अंशही पाने आकसण्यास पुरतो. शक्यतो तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवावा. ते शक्य नसल्यास लेबलवरील सूचना पाळून पुढील पद्धत वापरावी. प्रथम पंप तीन वेळा पाण्याने विसळावा. नंतर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून पंपात भरावा, थोडे पाणी नळी व नोझलमधून सोडावे आणि उरलेले रात्रभर ठेवावे. सकाळी ते फवारून टाकावे व स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. हे पाणी विहीर, ओढा, तळे किंवा जनावरांच्या पिण्याच्या जागेजवळ टाकू नये.

फवारणीचे कपडे घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. हातमोजे घालून आधी भरपूर पाण्यात खळबळावेत, नंतर गरम पाणी, बाजारातील चांगला डिटर्जंट व चमचाभर धुण्याचा सोडा यांत धुवावेत. तेलकट स्वरूपाच्या कीटकनाशकासाठी ही प्रक्रिया दोनदा करावी. कपडे उन्हात वाळवावेत आणि बादली शेवटी पुन्हा धुवावी. येथे रिठा किंवा बायो-एन्झाइम वापरून पैसे वाचवू नयेत.

सांडपाण्याचा विचार

‘रेह’ धोब्याच्या कामाची, पण शेतकऱ्याची वैरीण. ऊसर जमीन नापीक होण्याचे कारण हेच सोडियम असते. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने जिप्सम वापरून अशा जमिनी सुधारण्याचे मोठे काम केले आहे. महाराष्ट्रातील चोपण जमिनींमागेही सोडियमचेच आधिक्य असते. त्यामुळे सोड्याचे सांडपाणी रोज त्याच परसबागेच्या वाफ्यात सोडू नये, विशेषतः काळ्या भारी जमिनीत. ते शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. रिठ्याचे पाणी झाडांना चालते. क्लोरीनचे पाणी झाडांच्या मुळाशी किंवा गांडूळखताच्या वाफ्यावर टाकू नये.

साठवण आणि अपघात

घरगुती म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. सोड्याचे द्रावण रंगहीन असते आणि शीतपेयाच्या बाटलीत ठेवल्यास लहान मूल ते पाणी समजून पिऊ शकते. म्हणून पेयाच्या बाटल्या कधीही वापरू नयेत. कीटकनाशकाचे रिकामे डबे तर कोणत्याही घरगुती वापरासाठी घेऊ नयेत. बाटलीवर पदार्थाचे नाव, प्रमाण व तयार केल्याची तारीख ठळक लिहावी आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

डोळ्यांत गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे. सोडा वा आम्ल पोटात गेल्यास उलटी करवू नये, तसेच उतारा म्हणून लिंबू वा सोडा पाजू नये. तोंड धुवून रुग्णाला बाटलीसह तातडीने रुग्णालयात न्यावे. वायूचा त्रास झाल्यास प्रथम मोकळ्या हवेत यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील प्रात्यक्षिकासाठी महाग साधनांची गरज नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या उत्तम सामूदर्शक ठरतात. धुण्याच्या सोड्यात पट्टी गडद लालसर होते, व्हिनेगरमध्ये पिवळीच राहते. सोडा व व्हिनेगर योग्य प्रमाणात मिसळल्यावर ती लाल होत नाही आणि त्या पाण्याने तेलकट ताटलीही निघत नाही. दोन द्रव्ये एकमेकांना मारतात हे डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या प्रात्यक्षिकात शहाबादी फरशीच्या तुकड्यावर लिंबाचे थेंब टाकून उठणारे बुडबुडे दाखवावेत. क्लोरीन व आम्ल यांचे मिश्रण मात्र प्रात्यक्षिक म्हणूनही कधी करून दाखवू नये.

बचत गटांनी विक्रीसाठी उत्पादन सुरू करताना दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. वेष्टनावर वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता व तारीख यांची माहिती वैधमापनशास्त्राच्या वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार द्यावी लागते. फिनाइलसारखी जंतुनाशक द्रव्ये औषधे नियम, १९४५ च्या कक्षेत येतात, म्हणून ‘जंतुनाशक’ असा दावा करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. ‘रिठ्याचा धुण्याचा अर्क’ किंवा ‘सालींचा फरशी-स्वच्छक’ असे प्रामाणिक नाव ग्राहकाचाही विश्वास मिळवते. कॉस्टिक सोड्यापासून साबण तयार करणे हा प्रकार वेगळ्या प्रशिक्षणाचा आहे. ते द्रव्य त्वचा व डोळे जाळते, त्यामुळे मार्गदर्शनाशिवाय तो स्वयंपाकघरात करू नये.

सुरुवात करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने एक किलो धुण्याचा सोडा, पाव किलो सायट्रिक आम्ल, अर्धा किलो रिठ्याची साल आणि ब्लीचिंग पावडरचे एक लहान पाकीट एवढेच आणावे. सोबत हातमोजे, घासण्याचा ब्रश आणि लहान वजनकाटा ठेवावा. महिनाभर वापर करून खर्चाची नोंद ठेवावी आणि आधीच्या महिन्याच्या किराण्याच्या यादीशी ती ताडून पाहावी. स्वयंपाकघर, फरशी आणि रोजचे कपडे यांवर होणारी बचत त्यातून स्पष्ट दिसेल. त्यातील काही भाग फवारणीचे हातमोजे आणि दुधाच्या कॅनसाठी चांगला ब्रश यांवर खर्च करणे हितावह ठरेल.